बोगद्यात अडकलेला हात

चांदी म्हैस वाचली, तिचं रेडकूही वाचलं, आणि रेडकू सध्या शासकीय नोकरीच्या प्रतीक्षेत आहे. पण हे अजून कुणालाच ठाऊक नाही असं धरून चालू. दुपारचे अडीच वाजले होते. कऱ्हाडच्या दूरपशुसेवा केंद्रात डॉक्टर नसरीन मुजावर हवेत हात घालून उभ्या होत्या, आणि तो हात साठ किलोमीटरवर, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या धनगरवाड्यात, म्हशीच्या पोटात होता.

स्पर्शमोजे येऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी इथे बोट हलवलं की तिथला यांत्रिक हात बोट हलवायचा, आणि तिथली ऊब इथल्या मोज्यात जाणवायची. त्या दिवशी मात्र मोज्यांना नवीच खोड लागली. चाचपलं की हात चालायचा. ओढलं की थिजायचा.

"मान मागे मुडपलीय, रेडकू दारातच अडकलंय," डॉक्टर म्हणाल्या. "वीस मिनिटं आहेत. मग दोघंही जातील. ऊर्जिता, मला जोर हवाय!"

ऊर्जिता केंगले, वय चोवीस, ही केंद्राची एकुलती एक संगणक अभियंता. तिच्या पडद्यावर म्हशीची मालकीण ठकूबाई झोरे कडाडली, "आवं डागतर, हात झोपला का तुमचा? म्हस माझी जागी हाय!"

"उठवते हं, मावशी," ऊर्जिता म्हणाली.

ऊर्जिताने नोंदी उघडल्या. हलका स्पर्श म्हणजे माहितीचं छोटं पुडकं. जोर लावला की पाचही बोटांचं मिळून एकच भलंमोठं पुडकं. छोटी पोचत होती, मोठी वाटेत गडप होत होती. आणि आज सकाळीच सुरक्षा अधिकारी बोरवणकर साहेबांनी, म्हशींची खाजगी माहिती परक्यांच्या हाती पडू नये म्हणून, माहितीची सगळी वाहतूक गुप्त बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद वाटेतून, वळवली होती.

"साहेब, बोगद्यात पुडक्याला वरून आणखी एक वेष्टण चढतं. वाटेतलं दार पंधराशे बाइटचं. पुडकं पंधराशेचं, वेष्टण ऐंशीचं. जाणार कसं?" तिने मागेच उभ्या असलेल्या बोरवणकरांना विचारलं.

"मग दारानं तसं सांगायला नको?"

"सांगतं ना. 'मोठं आहे, लहान करा' अशी चिठ्ठी परत पाठवतं."

"त्या चिठ्ठ्या होय!" साहेबांचा चेहरा उजळला. "सकाळपासून नऊ हजार आल्या, अनोळखी दारांकडून. एकही उघडू दिली नाही मी!"

ऊर्जिताने त्यांचं अभिनंदन केलं. चिठ्ठ्या पुन्हा सुरू करायला समिती लागणार होती, आणि समिती गुरुवारी बसायची.

मोठं पुडकं दाराशी तोडताही येत नव्हतं. अर्धीच पकड पोचली तर म्हशीचं काय, या भीतीने मोजेवाल्यांनी प्रत्येक पुडक्यावर 'तोडू नये' असा शिक्का मारला होता. मग ऊर्जिता गाभ्यातच शिरली. गाभा म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा अगदी आतला भाग. वेष्टण तिथेच चढतं. तिने बोगद्याच्या दोन्ही टोकांसाठी चार ओळी लिहिल्या: वेष्टणाची जाडी आधीच वजा कर. चौदाशे वीसच्या वर गेलं तर तोड, मग गुंडाळ. पलीकडे सगळे तुकडे जोड. जोडल्याशिवाय हाताला काही देऊ नकोस.

"नव्वद सेकंद बोगदा बंद राहील. हात आतच असेल. मावशी, चांदीला हलू देऊ नका!"

"मी बगते तिला. तुमी लवकर या म्हंजे झालं!" ठकूबाईने म्हशीच्या कपाळाला कपाळ टेकलं.

त्या नव्वद सेकंदांत बोरवणकर साहेबांनी दोनदा विचारलं, शिक्का असताना तोडायचा लेखी आदेश आहे का.

बोगदा उघडला. डॉक्टरांनी जोर लावला, आणि या वेळी तो पोचला. मान वळली, सरळ झाली, पुढचे पाय आले. शेवटच्या ओढीला डॉक्टर मागच्या खुर्चीवर आदळल्या, आणि साठ किलोमीटरवर काहीतरी ओलंचिंब, रागावलेलं, गवतावर पडलं.

"पारडी हाय! म्हशीला लेक झाली!" ठकूबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की तेही पुडकं तोडूनच आणावं लागलं असणार.

महिन्याभरात त्या चार ओळी राज्यातल्या सगळ्या दूरहातांच्या गाभ्यात बसल्या. प्रश्न एकच उरला: परत आलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या कुणी? ऊर्जिताने रीतसर अर्ज केला.

"महोदय, चिठ्ठीवाचक हे पद निर्माण करून त्यावर कु. पारडी चांदी झोरे, वय एक महिना, हिची नियुक्ती करावी. दारात अडकण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेली ती एकमेव उमेदवार आहे. गुप्ततेबाबत शंका नसावी. हाती आलेला प्रत्येक कागद ती गिळून टाकते. तरी पुढील गुरुवारपूर्वी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."