नानांच्या इंजिनाचं चाक

“नाना, घाटात तुमची गाडी किती वेगानं जायची?” चेतनानं वही उघडत विचारलं.

“वेग कसला? चढावर आम्ही उतरून टेंभुर्णीची फळं तोडायचो आणि चालतच गाडी परत गाठायचो,” मुजफ्फरनाना हसले.

दाराशी उभ्या सदफच्या अंगाचा तिळपापड झाला. नाना तिच्या आईचे वडील. साठ वर्षांपूर्वी सातपुड्यातून तळोद्याच्या लाकूडमिलपर्यंत साग आणणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीवर ते भट्टीत कोळसा टाकायचे. आणि चेतना कोण? ब्राह्मणपुरीहून शेजारी मामाकडे सुट्टीला आलेली पाहुणी. आठ दिवसांत तीही ‘नाना’ म्हणू लागली होती!

“दोन इंजिनं होती,” नाना सांगत होते. “रस्ता झाला, ट्रक आले, गाडी बंद पडली. एक विकलं. दुसरं कुठं गेलं, अल्ला जाणे.”

सदफला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी बकरीमागे धावताना बंद मिलमागच्या झुडपांत तिला मातीत रुतलेला बॉयलर दिसला होता, आणि त्याच्या पोटाखाली चाकाची कड. पण सांगितलं, तर तेही चेतनाच्या वहीत जाणार. ती पाय आपटत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनाचा मामेभाऊ भूपेश धापा टाकत आला. “मिलमागं गॅसकटर आणलाय. जुना बॉयलर तोडताहेत.”

चेतना, सदफ आणि तो, तिघंही धावली. मिलचे व्यवस्थापक देवरेसाहेब भंगाराच्या यादीचा कागद हातात घेऊन उभे होते.

“साहेब, हे इंजिन असेल,” चेतना म्हणाली. तिनं वही पुढे केली.

“कागदावर ‘पडीक बॉयलर, एक’ लिहिलंय. गोष्टी ऐकून इंजिन होत नाही, बाळ.”

चेतनाचा चेहरा पडला. सदफला बरं वाटलं, अगदी गोड वाटलं. तेवढ्यात कटरची निळी ज्योत पेटली. ते नानांचं इंजिन होतं.

सदफनं जवळ पडलेली कुदळ उचलली आणि ती बॉयलरखालची माती उकरायला लागली.

“काय करी ऱ्हायनी तू?” राखणदार दोधूबाबा ओरडले.

“बॉयलरला चाकं असतात का बाबा?”

कटरवाल्यानं ज्योत विझवली. भूपेशनं हातानं माती उपसली. हळूहळू एक चाक उघडं पडलं. त्याच्या एका आऱ्याला रिव्हेट मारून लोखंडी पट्टी जोडलेली होती.

चेतनानं भराभर पानं उलटली. “ऐका साहेब. ‘घाटात आरा मोडला, तिथंच पट्टी ठोकून गाडी खाली आणली.’ काल नानांनीच सांगितलं.”

काल सदफ हेच न ऐकता निघून गेली होती.

देवरेसाहेब गुडघ्यावर बसले, पट्टी चाचपली आणि ओशाळून म्हणाले, “मी वाकून पाहिलंच नव्हतं. हे आता कुणी तोडणार नाही.”

भूपेशनं नानांना रिक्षातून आणलं. ते चाकाजवळ वाकले आणि त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “शाबास पोरांनो. कुणाला सापडलं?”

“सदफला,” चेतना लगेच म्हणाली.

सदफला ते टोचलं. “मला पाच दिवसांपासून माहीत होतं. मी लपवलं. तुम्ही सगळं हिलाच सांगत होता.”

“तू कधी विचारलंच नाहीस, बेटा.”

 सदफनं नानांजवळ सरकून हळूच विचारलं, “पट्टी ठोकताना तुम्हाला भीती वाटली होती?”

नाना मातीच्या ढिगावर बसले. चेतनानं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून तीही ऐकायला बसली.