नऊ नंबरची खोली

कमळाकरला गिऱ्हाईक मिळालं ते तब्बल तीन महिन्यांनी. मंदी आली तशी आनंदनगरच्या कंपनीने त्याच्यासकट चाळीस जणांना घरी बसवलं होतं. अशा दिवसांत टाइमशेअरचा, रिसॉर्टमधला सुट्टीचा आठवडा विकत घेणार कोण? बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावरचं रिसॉर्ट. नऊ नंबरची खोली, दर डिसेंबरात एक आठवडा, पंचवीस वर्षं. बायकोला, कीर्तीला दिवस गेले होते तेव्हा हौसेने घेतलेला. मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. पुढची आठ वर्षं दोघं तिकडे एकदाही फिरकले नाहीत.

गिऱ्हाईक म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकचे कापडवाले टेकचंद. "पहले रूम दिखाओ साईं, फिर साइन," म्हणाले. दुपारी चारला त्यांच्याच गाडीतून दोघं पोचले.

फाटकाशी भगवान वॉचमन हसला. "साहेब, या वर्षी लवकर? न् वहिनी नाय आल्या?"

"मी पहिल्यांदाच येतोय."

"काय चेष्टा करता! दरसाल येता की... पोरीला घेऊन."

टेकचंद हसले.

भगवानने कुलूप काढलं. बंद खोलीचा कुबट वास यायला हवा होता. आला तो खोबरेलाचा, नुकत्याच धुतलेल्या केसांचा. बाल्कनीत दोरीवर एक लहानसा फ्रॉक ठिबकत होता. आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या सात रेघा, एकीवर एक, मांडीपासून थेट छातीपर्यंत. प्रत्येक रेघेशी साल लिहिलेलं. अक्षर कमळाकरचं. साताच्या आकड्याला शेपूट काढायची खोडसुद्धा त्याचीच.

"पेंट मारना पड़ेगा," टेकचंद बाथरूममधून नळ सोडून बघता बघता ओरडले. "सब मिटा देंगे!"

कमळाकरने वरच्या रेघेवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. रेघ ताजी होती. त्याच्या पाठीशी, अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखून ताठ उभं होतं... उंची मोजताना मुलं राहतात तसं.

त्याने वळून पाहिलं नाही. नको म्हणावंसं वाटलं, पण तीन महिने घरात पगार नव्हता. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली. "माफ कर गं..." तो पुटपुटला.

दिवेलागणीला अंबरनाथला, आपल्या दारात येऊन त्याने बेल वाजवली. कीर्तीने दार उघडलं आणि हसली. आठ वर्षांत ती अशी हसली नव्हती. तिची नजर त्याच्या तोंडावर नव्हती. खाली होती, त्याच्या कोपराशी.

"आलात दोघं?" ती बाजूला सरत म्हणाली. "किती दिवस बाहेर ठेवलंत तिला..."

कमळाकरच्या मागे जिन्यापाशी चप्पल काढल्याचा आवाज झाला. एक.

मग दुसरी.