उजवीकडची पट्टी

कर्वेनगरातल्या त्या मैदानावर सकाळी दहालाच प्रदर्शनातल्या जुन्या गाड्या लागून तयार होत्या. जानेवारीचं ऊन होतं, बॉनेटं चमकत होती, आणि लोक गाड्यांपेक्षा गाड्यांसोबतच्या स्वतःच्या फोटोंत रमले होते. श्यामराव मात्र गाड्यांकडे बघतच नव्हते. ते गाड्यांपुढच्या पाट्या वाचत होते.

पाट्या त्यांनीच तपासल्या होत्या. त्यांची नात आम्रपाली आयोजकांपैकी एक. "आजोबा, चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलीत, एवढ्या चोवीस पाट्या बघाच," म्हणून तिने गठ्ठा पुढ्यात टाकला होता. चार वेळा वाचूनही श्यामरावांचं समाधान झालं नव्हतं. आज सकाळी दाढी करतानाच त्यांची खात्री पटली होती, की कुठेतरी चूक राहिली आहे आणि ती सगळ्या पुण्याला दिसणार आहे.

तिसऱ्या रांगेत एक हिरवी ऑस्टिन होती. पाटीवर लिहिलं होतं: 'ऑस्टिन ए-४०, सन १९५१. वळताना दिवा लागत नाही. दोन दारांमधल्या खांबातून वीतभर पिवळी पट्टी बाहेर येते. सध्या बंद.' त्याखाली मालकाने स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं: 'ॲव्हरेज विचारू नये. आम्हीही विचारत नाही.'

श्यामराव वाचायला वाकले, तेव्हा खांबाच्या आतून दोन ठोके आले.

ठक्. ठक्.

ते सरळ उभे राहिले. गाडीत कोणी नव्हतं. काचा बंद होत्या. उन्हाने पत्रा तापतो, फुगतो, वाजतो. त्यात नवल काही नाही. त्यांनी स्वतःला असं समजावलं आणि पुढच्या एमजी गाडीची पाटी वाचायला घेतली. पण चार ओळींची ती पाटी त्यांना तीनदा वाचावी लागली.

अशीच एक ऑस्टिन त्यांचे वडील, अप्पा, चालवत. करड्या रंगाची, कॅम्पातल्या एका डॉक्टरांची. ती कधीच भंगारात गेली होती. ही ती नव्हती, हे श्यामरावांनी आम्रपालीला तीनदा विचारून घेतलं होतं. ही कोइमतूरहून आली होती. अप्पा खाकी शर्ट घालत. एकदा गाडी सुरू करताना पुढून फिरवायच्या हँडलने उलटा फटका दिला, तेव्हापासून त्यांची उजवी करंगळी आत वळलेलीच राहिली. घरात अप्पांचा एकुलता एक फोटो होता, तोही लायसन्सवरचा, चेहऱ्यापुरता.

शाळेला सुटी असली की डॉक्टरांच्या परवानगीने श्याम मागे उजवीकडे बसायचा. त्याला काम ठरलेलं होतं. पट्टी पुष्कळदा अडकायची. मग अप्पा खांबावर मूठ आपटायचे, दोनदा, आणि विचारायचे, "आली का?" श्यामने काचेतून बघून सांगायचं. "आली" म्हटलं की अप्पा वळायचे. "नाही आली" म्हटलं की काच खाली करून स्वतःचा हात बाहेर काढायचे.

एकसष्ट सालच्या एका दुपारी, शनिवार पेठेतून पुलाकडे वळताना, दोन ठोके पडले. श्यामच्या मांडीवर गोष्टीचं पुस्तक होतं आणि गोष्ट रंगात आली होती. मान वर न करता तो म्हणाला, "आली."

उजवीकडून पुढे जाणारा सायकलवाला, कॉलेजात शिकणारा मुलगा, दारावर आदळला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

अप्पांचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. पुढची बावीस वर्षं त्यांनी एका गोदामावर वॉचमनकी केली. कोणी विषय काढला की एकच सांगायचे, "पट्टी आली होती. माझ्या पोराने बघितली. माझं पोर खोटं बोलत नाही." श्यामराव तेव्हा तिथून उठून जायचे. अप्पा गेले त्या सकाळीही ते बोलायचं ठरवून पलंगाशी बसले होते. बोलले नव्हते.

"काका, बाहेरून काय बघताय? ती काही चावत नाही."

श्यामराव परत ऑस्टिनपाशी येऊन उभे राहिले होते, आणि गाडीचा मालक चेतन हातात चहाचा कागदी कप घेऊन आला होता. आयटीतला पस्तिशीचा माणूस, लाल टी-शर्ट.

"या पट्ट्या खरंच बंद आहेत?" श्यामरावांनी विचारलं.

"तारासुद्धा नाहीत आत. मागे बारके दिवे लावलेत, पण या उन्हात ते लागलेत हे फक्त मला माहीत असतं."

"मग वळताना काच खाली करून हात..."

"कुठली काच? माझ्या बाजूची काच गाडी घेतल्यापासून एकदाही खाली आलेली नाही. जोर लावला तर फुटेल, आणि दुसरी मिळवायला मला इंग्लंडात जन्म घ्यावा लागेल."

ठक्. ठक्.

चेतन चहा पीत होता. त्याचा दुसरा हात खिशात होता.

"तुम्हाला काही ऐकू आलं?"

"काय?"

"काही नाही," श्यामराव म्हणाले.

बाराला गाड्यांची फेरी निघायची होती. आम्रपाली हेल्मेट हातात घेऊन धावत आली. "आजोबा, तुम्ही चेतनदादाच्या गाडीत बसा. मी स्कुटीवरून मागेच आहे."

"मी इथेच थांबतो. पाट्या गोळा..."

"पाट्या पळून जात नाहीत. बसा बघू!"

नाही म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ते मागे उजवीकडे बसले. डावीकडे बसायचं मनात होतं, पण तिथे हत्यारांची पेटी होती. पिशवीत नेहमीप्रमाणे पुस्तक होतं. त्यांनी पिशवीचे बंद बोटांभोवती घट्ट गुंडाळून घेतले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. आत जुन्या कातड्याचा वास होता, पेट्रोलचा वास होता, आणि थोडासा बिडीचा. चेतन बिडी ओढणाऱ्यातला दिसत नव्हता. वाहनं हॉर्न वाजवत डाव्या-उजव्या बाजूंनी पुढे जात होती. मागच्या काचेत आम्रपालीचं पांढरं हेल्मेट दिसत होतं. मग ते सरकत सरकत उजवीकडे दिसेनासं झालं.

"आता उजवीकडे घेऊ या," चेतन पुटपुटला आणि वेग कमी केला.

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

ठक्. ठक्.

या वेळी ठोके श्यामरावांच्या कानाशी पडले. खांब हलल्याचं त्यांच्या खांद्याला जाणवलं.

कोणी काही विचारलं नाही. पण कोणीतरी थांबलं होतं. उत्तरासाठी माणूस श्वास धरून थांबतो, तसं.

श्यामरावांनी काचेला कपाळ लावून पाहिलं.

खांब बंद होता. हिरवा, गुळगुळीत. पट्टी आत होती.

'आली' म्हणणं सोपं होतं. म्हटलं असतं, तर अप्पांचा शब्द खरा राहिला असता.

"नाही आली," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनी पुन्हा सांगितलं. "अप्पा, नाही आली. तेव्हाही नव्हती आली. मी बघितलंच नव्हतं."

"काय म्हणालात काका?" चेतनने विचारलं.

त्यांच्या तोंडावर वारा आला. चेतनच्या बाजूची काच उघडी असल्यासारखा, थेट.

मागे करकचून ब्रेक लागल्याचा आवाज झाला. ऑस्टिन सावकाश उजवीकडे वळली.

चेतनने गाडी कडेला एका गुलमोहराखाली उभी केली. आम्रपाली मागोमाग आली. तिने स्कुटी घाईने स्टँडवर लावली.

"सॉरी दादा, चूक माझी. मी उजवीकडून पुढे काढत होते. तू हात दाखवलास म्हणून थांबले, नाहीतर सरळ तुझ्या दारावर..."

"मी? हात?" चेतन म्हणाला. "ही काच बघ."

तिने काच बघितली. वरपर्यंत बंद. मग तिने त्याचा लाल टी-शर्ट बघितला, अर्ध्या बाह्यांचा.

"खाकी बाही होती," ती म्हणाली. "मला वाटलं, आजच्यासाठी मुद्दाम घातलायस. जुन्या ड्रायव्हरसारखी."

चेतन हसला.

श्यामराव दार उघडून खाली उतरले. त्यांनी खांबावर हात ठेवला. सकाळपासून उन्हात असूनही पत्रा गार होता.

"कसा दाखवला हात?" त्यांनी विचारलं. "मला करून दाखव."

"असाच की, सगळे दाखवतात तसा." आम्रपालीने उजवा हात बाजूला लांब केला, तळवा खाली, बोटं सरळ.

मग ती थबकली. काहीतरी नीट आठवायचा प्रयत्न करत तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"नाही, थांबा," ती म्हणाली, आणि तिने करंगळी आत वळवली.