मागची एक गाडी

एकोणीसशे एकाहत्तर साल. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या त्या घाटात तेव्हा डांबर नव्हतं, नुसती खडी. पॉपलरची झाडं पिवळीजर्द झाली होती, खाली नदी दुधाळ निळी. आणि नोएलिनच्या मांडीवर लग्नाचा तीन मजली केक.

लग्न तिच्या धाकट्या बहिणीचं, जॉइसचं. आईच्या कपबश्यांवरून दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग जॉइसनंच निरोप धाडला, "केक तूच कर." दुपारी, घाटापलीकडच्या चर्चमध्ये वेळेवर पोचायचं, एवढ्यावर सगळं मिटणार होतं.

आणि तिचा नवरा डेस म्हणाला, घाटातून देखावा बघत जाऊ.

"सपाटीचा रस्ता काय वाईट होता?" मागून नणंद ॲव्हिस म्हणाली.

"तू आपलं विणकाम कर गं," डेस म्हणाला.

घाट एका गाडीपुरता. उतरणाऱ्यानं आपल्यामागे किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवायचं आणि चढणाऱ्यानं तेवढ्या जाईपर्यंत कड्यातल्या खोबणीत थांबायचं, हा तिथला शिरस्ता. समोरून मेंढ्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं दोन बोटं वर केली. डेस थांबला. एक हिरवी मोटार गेली. दुसरी येईना.

केकवरच्या साखरेला घाम फुटायला लागला.

"डेस, निघ आता."

"दोन दाखवली त्यानं."

"मेंढ्या मोजून मोजून डोकं फिरलंय मेल्याचं!"

शेवटी निघाले. पहिल्या वळणावर डेसनं हॉर्न दिला. वरून उत्तराचा हॉर्न आला. झालं! डेस मान वळवून गाडी मागे घ्यायला लागला. नोएलिनच्या खिडकीतून रस्ता दिसतच नव्हता, थेट नदी. चाकाखालची खडी सुटून खाली जात होती आणि पडल्याचा आवाज येत नव्हता.

खोबणीत येऊन थांबले. कुणी आलं नाही.

पुन्हा निघाले. पुन्हा हॉर्न, पुन्हा मागे.

"तीन महिने ब्रँडी पाजलीय मी या केकला," नोएलिनचा आवाज चिरकला.

"आता थोडी मला पाज," ॲव्हिस पुटपुटली.

नोएलिननं केक तिच्या मांडीवर ठेवला, उतरली आणि तरातरा चालत वळणापलीकडे गेली. रस्ता दूरवर रिकामा होता. पण एका जागी हवा तापलेली होती, इंजिनाच्या जाळीसमोर हात धरावा तशी. तिनं हात पुढे केला. तो कशालाच लागला नाही.

भीती वाटायला हवी होती. तिला आला तो संताप.

"उतरायचं तर उतरा ना! नाहीतर या आमच्या मागे!"

ती परत येऊन गाडीत बसली. मग मात्र हॉर्नला उत्तर आलं नाही.

पलीकडच्या उतारावर एक बस खोबणीत उभी होती. डेस तिच्या शेजारून सरकला. नोएलिननं वळून पाहिलं. बस हलली नव्हती. ड्रायव्हर वर, त्यांच्या मागच्या रस्त्याकडे बघत होता.

"तू बोट दाखवलंस का त्याला?"

"हात सोडला तर दरीत जाऊ. कसलं बोट?"

स्टिअरिंगवरच्या त्याच्या मुठीतलं एक बोट ताठ वर होतं.

लग्न लागून गेलं होतं. जॉइस पायरीवर वाऱ्यात ओढणी सावरत उभी होती. तिनं केक पाहिला, बहिणीला पाहिलं आणि रडतच मिठी मारली. मग खांद्यावरून फाटकाकडे बघत म्हणाली, "मागच्या गाडीतल्यांनाही बोलव ना आत. उन्हात का बसलेत बिचारे?"

फाटकाशी त्यांची एकच गाडी होती.

जॉइस मरेपर्यंत दर रविवारी दोघी फोनवर बोलत. ॲव्हिस पुन्हा कुणाच्या गाडीत मागे बसली नाही. डेसनं ती गाडी विकली, दुसरी घेतली, तीही विकली. गेला तो अंथरुणातच, शांतपणे.

नोएलिन अजून स्वतः गाडी चालवते. घाट आता रुंद झालाय, डांबरी झालाय, शिरस्ता कुणाला ठाऊक नाही. तरी समोरचे लोक कडेला थांबतात आणि ती गेल्यावरही थांबून राहतात. आरशात ती बघत नाही. समोरून कुणी आलं की एक बोट वर करते.

उगाच कुणाला अंधारात कशाला ठेवायचं?