एकही हस्तलिखित हरवले नाही

"माझी आई खोटं बोलली का, एवढंच शोधून द्या," सिंधु म्हणाली आणि तिनं एक छापील पान गुरुबसप्पांपुढं ठेवलं.

गुरुबसप्पा लातुरातले खाजगी तपासनीस. तीस वर्षं कोर्टात हस्ताक्षरं तपासण्यात गेली, त्यामुळं माणसापेक्षा कागदावर त्यांचा भरवसा जास्त. शेजारी बसलेला ग्यानोबा पोस्टातून निवृत्त झालेला. त्याचा भरवसा सगळ्यांवरच, आणि म्हणून तो दरवेळी तोंडघशी पडायचा.

सिंधु नायगावला शिक्षिका होती. तिची आई केवळाबाई औशाकडची. बहात्तरच्या दुष्काळात केवळाबाईंनी सरकारी कामावर खडी फोडली आणि तिथल्या बायकांवर एक कादंबरी लिहिली. प्रत एकच. ती त्यांनी त्र्याहत्तर साली 'विरूपाक्ष वाङ्मय एजन्सी'त नेऊन दिली. निजामाच्या काळापासून इकडच्या लिहिणाऱ्यांना हाच एक दरवाजा होता. एजन्सी हस्तलिखित पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडं पाठवायची. कुणी छापलं नाही तर जसंच्या तसं परत करायची.

यंदा, ब्याऐंशी साली, एजन्सीला पन्नास वर्षं झाली. सिंधुनं आणलेलं पान त्यानिमित्त निघणाऱ्या इतिहासाचं होतं. 'पन्नास वर्षांत एकही हस्तलिखित हरवले नाही,' असं वर ठळक छापलेलं. खालच्या यादीत केवळाबाईंच्या नावापुढं लिहिलं होतं: 'परत, १९७५.'

"आई याच उन्हाळ्यात गेली. परत आलं न्हाई, हेच म्हणत गेली. आता गावातले म्हणून राहिले, तिनंच जाळलं असंल आन् आळ एजन्सीवर टाकला. मला ते कागद पायजेत. कागद नसतील तर खरं तरी पायजे."

सप्टेंबर निम्मा सरला होता आणि आभाळ कोरडंच. एजन्सीच्या दारापुढं टँकरची वाट बघत रिकाम्या घागरींची रांग लागली होती. समोरच्या दुकानावर पेंटर नव्या जिल्ह्याचं नाव रंगवत होता. जिल्हा होऊन महिना झाला. पाणी काही झालं नव्हतं.

कारकून रामकिशननं पंचाहत्तरची जावकवही काढून दिली. पानाच्या अगदी तळाशी नोंद होती: 'केवळाबाई, ता. औसा, जि. उस्मानाबाद. हस्तलिखित समक्ष परत मिळाले.' पुढं निळ्या शाईचा अंगठा.

ग्यानोबाचा चेहरा पडला. "खरी दिसती हो नोंद. आत्ता घुसडली असती तर हात 'जिल्हा लातूर' लिहून गेला असता. इथं उस्मानाबादच हाय."

"किंवा लिहिणारा सावध होता," गुरुबसप्पा म्हणाले. "रामकिशन, चाव्या कुणाकडं असतात?"

"माझ्याकडं आन् मालकांकडं."

"केवळाबाई आठवतात?"

"न आठवायला काय झालं! गठ्ठा मीच घेतला की. आवकवहीत सही केली तवा मी म्हणलं, बाई, लई वळणदार अक्षर हाय तुमचं. तर लाजल्या. परत न्यायला कधी आल्या, ते काय ध्यानात न्हाई."

इतिहास लिहिणारे प्राध्यापक श्रीमंत आतल्या खोलीत मुद्रितं तपासत होते. प्रश्नांनी ते दुखावले. "आवकवहीतली सही न् सही मी स्वतः पाहिली आहे. केवळाबाईंचीसुद्धा."

"आणि जावकवही?"

"ती मालक वाचून दाखवायचे, मी उतरवून घ्यायचो. वेळ कुठं होता?"

मालक सिद्धराम सत्तरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी वडिलांच्या तसबिरीकडं हात केला. "रझाकारांच्या धामधुमीत आमच्या अप्पांनी हस्तलिखितं ज्वारीच्या पोत्यात लपवली. एक कागद जाऊ दिला नाही."

"केवळाबाईंना तुम्ही भेटला होता?"

"नाही. खडी फोडणारी बाई ती. अडाणी बिचारी. कोण्या मास्तराकडून लिहून घेतलं असंल."

"वाचलं होतं तुम्ही?"

"असे शेकडो गठ्ठे येतात हो," सिद्धराम म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुबसप्पांनी सगळ्यांना तिथंच बसवलं. सिंधु दाराशी बसली. ग्यानोबानं आधीच तिच्या कानात सांगितलं होतं की चाव्या रामकिशनकडं असतात, तेव्हा काम त्याचंच.

गुरुबसप्पांनी दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या. "त्र्याहत्तरला गठ्ठा देताना या बाईंनी सही केली. पंचाहत्तरला त्याच बाईंनी अंगठा उमटवला. दोन वर्षांत माणूस लिहायला विसरतं का?"

त्यांनी निळ्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"नोंद खोटी आहे. ती कुणी केली? रामकिशननं बाईंना सही करताना पाहिलं होतं. प्राध्यापकांनी ती सही तपासली होती. या दोघांपैकी कुणी खोटी नोंद केली असती, तर सहीची नक्कल केली असती. अंगठा तोच उमटवील, ज्याला वाटतं की या बाईला लिहिता येत नाही. असं वाटणारा माणूस या खोलीत एकच आहे. दुसरी चावीही त्याच्याकडंच. मालक, या कोऱ्या कागदावर तुमचा अंगठा द्या."

सिद्धरामांनी हात पुढं केला नाही.

"मे महिन्यात सोहळ्यासाठी खोली साफ केली," ते म्हणाले. "गठ्ठा मागच्या फळीवर होता. उचलला तर हातातून माती गळाली. आतून सगळी वाळवी. वर बाईनं मारलेली गाठ तशीच होती. कुठं पाठवलाच नव्हता तो. अप्पांच्या इतिहासात हरवलं असं कसं लिहू? म्हणलं, खेड्यातली बाई, कोण विचारणार."

"एखादं पान?" सिंधुनं विचारलं.

"एकसुद्धा नाही, बाई. माती फेकून दिली मी."

ग्यानोबानं मान खाली घातली. आपण शोध लावला याचा गुरुबसप्पांना काडीचाही आनंद झाला नाही. जे शोधायचं होतं ते जगात उरलंच नव्हतं.

"इतिहासात दुरुस्ती करतो," सिद्धराम पुटपुटले. "हरवलं असं लिहितो. माझ्या नावानं लिहितो."

"लिवा," सिंधु उठत म्हणाली. "पण एक सांगते. नऊ वर्षांत मी लई येळा आईला म्हणलं, चल, लातूरला जाऊन विचारू. ती मलाच दटवायची. म्हणायची, 'घाई करू नगं गं. लई मोठं लिवलंय मी. ते वाचून राहिले असतील.'"