खंडेनवमीची फेरी

दसऱ्याच्या दोन दिवस आधी यतीन अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या इंडियन स्टोअरमधून हळदकुंकू, नारळ आणि चार लिंबं घेऊन आला. झेंडूची सुटी फुलं कुठे मिळेनात, म्हणून नर्सरीतून झेंडूच्या दोन कुंड्याच उचलल्या. त्याची बायको नीला म्हणाली, "यार, माझ्या बर्थडेला एवढी धावपळ करत नाहीस." खरंच होतं ते. सगळी धावपळ गाडीसाठी होती.

गाडी म्हणजे ऑफिसला न्यायची नव्हे, बरं का. ती बिचारी बाहेर उन्हापावसात उभी असायची. गॅरेजात मान होता तो एकोणीसशे चौसष्ट सालच्या आकाशी रंगाच्या, थोराड गाडीला. पुढे सोफ्यासारखी एकच लांब सीट, भलं मोठं पातळ स्टिअरिंग, आणि आत जुन्या रेक्झिनचा नि पेट्रोलचा वास. सकाळी चोक ओढला की आधी खोकायची, रुसायची. मग एकदा सुरू झाली की पोटातून अशी काही घुमायची की यतीनचा सगळा आठवडा वसूल व्हायचा. दर रविवारी सकाळी सहाला दोघं नवराबायको निघायची. लीसबर्गच्या पुढे, शेतांमधल्या रस्त्यांनी बावीस मैलांची फेरी. काचा खाली, थर्मासमध्ये चहा, आणि घाई कसलीच नाही.

पण ही हौस नुसती गाडीची नव्हती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा ती दोघं हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी परतली. दुसऱ्या वेळेनंतर नीला बोलेनाशीच झाली. बंद टीव्हीसमोर तासन्‌तास बसून असायची. ती पुन्हा हसली ती या गाडीत. रस्त्यात गाई आडव्या आल्या, यतीननं हॉर्न दाबला, तर तो एखाद्या आजारी म्हशीसारखा रेकला. नीला हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवसापासून यतीननं एकही रविवार चुकवला नव्हता. गाडी थांबली तर नीला परत गप्प होईल, ही भीती त्याच्या मनात घर करून बसली होती.

गाडी विकणारे मिस्टर डॉबिन्स ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहणारे. नजर अधू झाली म्हणून विकली. किल्ली देताना त्यांची बोटं सुटेनात. म्हणाले, "हिला रविवारी उभी ठेवू नकोस. तुला जमलं नाही, तर मी घेऊन जाईन." यतीनला ती थट्टा वाटली. पुढच्या वसंतात म्हातारा गेला. यतीन फेरीच्या वाटेवरच्या पांढऱ्या चर्चमध्ये फ्युनरलला जाऊनही आला.

आणि त्या वर्षी, दोन हजार सहा साली, खंडेनवमी नेमकी रविवारी आली.

खंडेनवमीला अवजारं पुजायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, हे यतीनच्या अंगात मुरलेलं. त्याचे वडील शंकरराव नागपूरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या लेथ मशीनला त्या दिवशी झेंडूची माळ असायची आणि पूर्ण विश्रांती. त्यांनी फोनवर बजावलं, "पूजा झाली की किल्ली देवापुढे ठेव. दसऱ्यालाच उचल." तिथी शनिवारी संध्याकाळीच लागत होती. यतीननं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, माळ घातली, चाकांपुढे लिंबं ठेवली आणि किल्ली देवघरात नेऊन ठेवली. एका रविवारानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं.

सकाळी जाग आली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. शेजारी नीला नव्हती. किचनमध्ये नव्हती, बाथरूममध्ये नव्हती. ऑफिसची गाडी बाहेर उभी होती. घरात पेट्रोलचा आणि तापलेल्या ऑइलचा वास पसरला होता.

त्यानं गॅरेजचं आतलं दार उघडलं. शटर बंद होतं. गाडी जागेवर होती, पण गार होत आलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकू येत होती. चारही लिंबं चिरडलेली. टायरना ओली पानं चिकटलेली. आणि आपल्या नेहमीच्या जागेवर, वाऱ्यानं केस विस्कटलेली नीला बसली होती.

"नीला... कुठे गेली होतीस?"

"म्हणजे?" ती हळूच हसली. "तूच तर हलवून उठवलंस. मी म्हटलं, आज खंडेनवमी आहे ना, तर ऐकलंच नाहीस."

यतीन वाकला. इग्निशनमध्ये किल्ली नव्हती. तो धावत देवघरात गेला. किल्ली होती तिथेच, कुंकवासकट. तो परत आला. तिच्या शेजारी, स्टिअरिंगमागे बसला. सीट अजून कोमट होती.

"धुकं केवढं होतं," नीला म्हणाली. "तुझा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता. आणि आज बोलायचंच नाही असं ठरवलं होतंस का?"

"मी... काहीच बोललो नाही?"

"एकदाच. त्या पांढऱ्या चर्चपाशी थांबलो तेव्हा." तिचा आवाज अगदी खाली आला. "यतीन, तुला कसं कळलं? टेस्ट मी कालच केली. तुला सांगितलं नव्हतं... पुन्हा आशा लावायची भीती वाटत होती."

यतीननं विचारलं, "काय म्हणालो मी?"

"या वेळी राहील म्हणालास." तिनं पोटावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या वर्षांत ती अशी दिसली नव्हती. "फक्त रविवार चुकवायचा नाही म्हणालास. नाही ना चुकवणार?"

तो मी नव्हतो, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आलेसुद्धा. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, आणि ते शब्द गिळून टाकले.

"नाही चुकवणार," यतीन म्हणाला.

नीलानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्याकडे बघवेना म्हणून त्यानं नजर वर उचलली, ती आरशावर गेली. मागचा रस्ता दिसावा असा तो आरसा नेहमी ठेवायचा. आता तो खाली, मागच्या सीटवर वळवलेला होता, मागे लहान मूल बसलेलं असलं की वळवतात तसा.