शीग

गोदावरीबाई शितोळ्यांची सून मनोरमाबाई, मनोरमाबाईंची लेक सुलोचना आणि सुलोचनेची लेक डॉक्टर हेमांगी. कुक्कुटपालन चौघींनी केले. त्यातला अपराध हेमांगीकडे वारशाने आला. कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून गोदावरीबाई खाद्यात मोरचूद मिसळत. त्यातले तांबे विष्ठेतून खतात आणि खतातून रानातल्या गवतात उतरले. त्या रानात बसवलेला कोळेकर धनगरांचा सगळा कळप तांब्याच्या विषाने मेला. तेव्हापासून कोळेकरांनी तिथे मेंढ्या बसवल्या नाहीत.

हेमांगीच्या काळात खताचा प्रत्येक हौद जिवाणूंच्या स्वाधीन असे. तिने घडवलेल्या जिवाणूंना लोक ‘धातुवेचे’ म्हणत. ते खतातले तांबे-जस्त वेचून अंगात साठवीत आणि तळाशी बसत. तो गाळ उपसला की धातू वेगळा काढता येई. हौदातली ही विद्या तिने प्रथमच रानात उतरवण्याचे ठरवले आणि कोळेकरांच्या ठकूबाईला बोलावून घेतले.

किती वेचायचे हे त्यांना कसे कळते, असे ठकूबाईने विचारले. हेमांगीने सांगितले की त्यांना ते कळत नाही. जेवढे जिवाणू सोडू तेवढे तांबे ते वेचतात.

“म्हंजी तुजं किडं तुज्या पणजीपरीस शहाणं न्हाईत,” ठकूबाई म्हणाली. तरी कळप आणण्याचे तिने कबूल केले.

वेच्यांचे माप ठरलेले होते. परंतु उसने धान्य शितोळ्यांच्या घरातून सपाट मापाने कधी परत गेले नव्हते. मापावर शीग चढवूनच जाई. हेमांगीने तीच रीत पाळून ठरल्यापेक्षा जास्त वेचे रानात सोडले.

कळप बसला. एकही मेंढी दगावली नाही. पुढल्या विणीत मात्र काळ्या मेंढ्यांना राखाडी कोकरे झाली, आणि ती मागच्या पायांवर उभी राहीनात.

ठकूबाईने त्यांतले एक आणून हेमांगीच्या मांडीवर ठेवले. हेमांगीने खालमानेने समजावले की थोडे तांबे प्रत्येक जीवाला लागतेच. त्यावाचून लोकर रंग धरत नाही, मज्जातंतू बळ धरत नाहीत. वेच्यांनी तेही नेले होते. हौदातला गाळ उपसता येतो. रानात पसरलेले वेचे आता मागे घेता येणार नव्हते.

“मग विलाज?”

“मोरचूद,” हेमांगी म्हणाली. तो कळप मेल्यापासून त्या घरात हा शब्द कुणाच्याही तोंडी आला नव्हता. “जन्मलेली सुधारणार नाहीत, मावशी. पुढची वाचतील.”

“किती दिस द्यायचं?”

“या रानातलं कुणी खाईल तोवर.”

ठकूबाईची नजर दारात उभ्या असलेल्या ईशानीकडे, हेमांगीच्या लेकीकडे गेली. तिच्या काळ्याभोर केसांची मुळे राखाडी दिसत होती. हेमांगीनेही पाहिले.

गोदावरीबाईंच्या जुन्या हौदात राहिलेल्या खतातले तांबे गाळातून काढून हेमांगीने त्याचे पुन्हा मोरचूद केले होते. मिठात कालवलेले ते मोरचूद तिने कळपासाठी चिपट्याच्या मापात भरले. हाताने सवयीने वर शीग चढवली. ठकूबाईने काठावरून तळहात फिरवून ती पाडली.

“फिटलं तुज्या पणजीचं,” ती म्हणाली आणि तिने ईशानीकडे बोट केले. “आता हिच्यासाठी माप घे. सपाट.”